सरासरी विसर्ग धरून टर्बाइन ठरवू नका

वाहत्या पाण्यावरच्या छोट्या जलविद्युत प्रकल्पांत नव्याने उतरणाऱ्यांसाठी हे लिहितेय. बंधारा, इनटेक (पाणी आत घ्यायचं तोंड), गाळ बसवायची टाकी, फोरबे (नळाआधीचा छोटा हौद), पेनस्टॉक (टर्बाइनकडे पाणी उतरवणारा नळ), वीजघर ही साखळी तुम्हाला ठाऊक असेलच. निव्वळ हेड (पाणी पडण्याची उंची, नळातलं नुकसान वजा करून) मीटरमध्ये, विसर्ग (दर सेकंदाला वाहणारं पाणी) घनमीटर प्रति सेकंदात, त्यांचा गुणाकार गुणिले साधारण 8 म्हणजे किलोवॉट, हेही पाठ असेल.

मी फसले ते विसर्गापाशी. पहिल्या प्रकल्पात माझ्या हाती एका वर्षाच्या रोजच्या नोंदी होत्या. सरासरी आली 1.5 घनमीटर, हेड 60 मीटर, म्हणजे 720 किलोवॉट. त्याच मापाचं एकच फ्रान्सिस प्रकारचं टर्बाइन मी सुचवलं आणि ते मान्यही झालं.

आता नीट ऐका. त्या सरासरीत पुराचे दिवस असतात. थोडेच, पण तेवढ्यात नदी इतकं पाणी आणते की सगळी सरासरी वर चढते. आपल्याकडे साठवायला धरण नाही, त्यामुळे ते पाणी बंधाऱ्यावरून निघून जातं. कागदावर ते दिसतं, मीटरवर कधीच येत नाही. म्हणून 365 दिवसांचे आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा आणि मधला आकडा बघा. माझ्या यादीत तिथे 0.7 होतं. अर्धं वर्ष नदीत 0.7 पेक्षा कमी पाणी! त्यातून बंधाऱ्याखालची नदी जिवंत राहावी म्हणून सोडायचं 0.1 वजा केलं की उरतं 0.6. टर्बाइनच्या पूर्ण विसर्गाच्या 40 टक्के. फ्रान्सिसची कार्यक्षमता इथे घसरायला लागते, आणखी खाली कंप सुरू होतो आणि मशीन थांबवावं लागतं. कोरडे महिने आमचं वीजघर बंद राहिलं. शिवाय मी मोजलेलं वर्ष नेहमीपेक्षा जास्त पावसाचं होतं, हे मला उशिरा कळलं.

विसर्गाचा हा आकडा चुकला तर पुढे काहीच सावरत नाही. पेनस्टॉकचा व्यास, जनित्र, कर्जाचा हप्ता, सगळं त्यावरच उभं असतं.

माझे वरिष्ठ म्हणाले होते, शेजारच्या नदीच्या नोंदी पाणलोट क्षेत्राच्या प्रमाणात घे, वर्ष वाचेल. पाणलोट दुप्पट म्हणून कोरड्या दिवसांतला प्रवाह दुप्पट होत नाही. तो खालचा खडक आणि वरची माती ठरवते. शेजारच्या जुन्या नोंदींचा खरा उपयोग वेगळा आहे: आपण मोजलेलं वर्ष ओलं होतं की सुकं, ते त्यांवरून समजतं. जो मार्गदर्शक मोजायच्या दिवशी पाण्यात उतरत नाही, त्याच्याकडून विसर्गाचा आकडा घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे.

मोजणं तसं अवघड नाही, घाबरू नका. खळाळत्या ओढ्यात मिठाची पद्धत उत्तम. तोलून घेतलेलं मीठ बादलीत पूर्ण विरघळवायचं, एकदम ओतायचं आणि पाणी नीट मिसळेल इतक्या अंतरावर खाली वाहकता मोजायची, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते ते; मीठ आलं की ती वाढते. आकडा काही वेळ हलत नाही, मग भराभर चढतो, शिखर गाठतो आणि फार सावकाश उतरतो. पाय गारठलेले असतात, आकडा जवळपास मूळ जागी आलेला असतो, आणि यंत्र आवरावंसं वाटतं. मीही आवरलं होतं. ती शेवटची शेपटी सुटली की वाहकतेच्या आलेखाखालचं क्षेत्र कमी भरतं, आणि मिठाला त्या क्षेत्राने भागून काढलेला विसर्ग असतो त्यापेक्षा जास्त निघतो. आकडा मूळ पातळीला टेकून स्थिर होईपर्यंत हलू नका.

बाकी स्थापत्य, परवानग्या, वीजखरेदी करार वगैरे शिकवणारे भरपूर भेटतील.

त्या प्रकल्पात पुढे पेनस्टॉकला फाटा काढून शेजारी एक छोटं क्रॉसफ्लो टर्बाइन बसवलं. कमी पाण्यात ते टिकून चालतं. आता नव्या जागी गेले की आधी मोजपट्टी रोवते आणि निदान दोन कोरडे हंगाम तिच्यावरची पातळी रोज लिहून घेते. टर्बाइनवाल्याला फोन त्यानंतर.