वाड्या-मंदिरांच्या मोजणीचे जुने कागद लावताना

जुन्या नाशकातला वाडा असो की पंचवटीतलं मंदिर, पूर्वीच्या मोजणीचा गठ्ठा हाती आला की सगळे आधी शाईतले मोठे नकाशे उघडतात. आधी शोधायची ती मोजणीची वही. नकाशा टेबलावर बसून काढलेला असतो. टेप कुठे धरली, कुठल्या भिंतीपर्यंत पोचताच आलं नाही, हे वहीतच सापडतं. वहीत खोलीचे कर्ण नसतील तर नकाशातले काटकोन गृहीत धरलेले समजा. जुन्या वाड्यात काटकोन क्वचितच असतो.

गठ्ठ्याचा क्रम मोडू नका. दोरी सोडण्याआधी फोटो काढा, मग प्रत्येक कागदाच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने नंबर घाला. गंजलेल्या टाचण्या काढा. जुना सेलोटेप मात्र ओढू नका, शाई त्याच्याबरोबर निघते. लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा सुटत नाही.

ब्लूप्रिंट (निळ्या कागदावर पांढऱ्या रेषांची नकाशाची नक्कल) उजेडात फिकी पडते आणि अल्कलीने, म्हणजे चुनखडीसारख्या ॲसिडच्या उलट गुणाच्या पदार्थाने, तिचा निळा रंग जातो. ॲसिड-फ्री म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच कागदांत चुनखडी असते, म्हणून तिच्यासाठी चुनखडी नसलेलाच कागद मागून घ्या. अमोनिया प्रिंट (अमोनियाच्या वाफेवर काढलेली नक्कल) वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, शेजारचे कागद डागाळतात. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा वास आला तर ती त्याच दिवशी बाजूला काढा.

सगळ्यात जास्त घोळ स्केलचा. जुने नकाशे बहुधा एका इंचाला 8 फूट, म्हणजे 1:96. ते 1:100 धरले की 24 फुटांची ओसरी 25 फुटांची होते. शिवाय पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. म्हणून नकाशावर पट्टी लावून माप काढू नका. लिहिलेला आकडा घ्या, तो नसेल तर वही. स्कॅन 400 डीपीआयला (इंचाला 400 ठिपके), टिफमध्ये (तपशील न गमावणारा फाइलचा प्रकार), आणि शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवूनच करा.

फोटोंचं काम कंटाळवाणं, पण टाळू नका. नकाशाच्या झेरॉक्सवर फोटो कुठून घेतला तिथे बाण काढून त्याचा नंबर लिहा. तो बाण नसेल तर ‘खांब, पूर्व बाजू’ एवढ्या नोंदीवरून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही.

अशा नोंदींची किंमत इमारत गेल्यावर कळते. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीचं सेंट डिमिट्रियस हे बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातलं, चर्च 1917 च्या आगीत जळालं, बरीच मोझेइकं (रंगीत तुकडे जडवून केलेली भिंतीवरची चित्रं) गेली. इंग्रज वास्तुविशारद डब्ल्यू. एस. जॉर्ज यांनी ती आधीच जलरंगात उतरवून ठेवली होती, म्हणून आज ती कशी होती ते सांगता येतं.

आपल्याकडे भीती पाण्याची. गंगेकाठच्या (नाशकात गोदावरीलाच गंगा म्हणतात) तळमजल्यावर हे कागद ठेवू नका. नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती ही इथली पुराची खूण; पूर तिच्या कमरेपर्यंत चढला की हलवाहलव करायला वेळ उरत नाही. मूळ कागद वरच्या मजल्यावर, भिंतीपासून थोडे सुटे ठेवा आणि स्कॅनची एक प्रत गावाच्या दुसऱ्या टोकाला. गुंडाळलेले नकाशे सपाट करायचे असतील तर पावसाळा संपू द्या. मग टिपकागदात घालून वजनाखाली काही दिवस ठेवा. इस्त्री फिरवू नका.