किनाऱ्यावर फ्रिज बंद पडतो? आधी अर्थिंग बघा

बडोद्याहून द्वारका, पोरबंदर, सोमनाथ, दीव अशी आम्ही दोघं कॅम्पर व्हॅननं फिरतो. सोमनाथपाशी 12 व्होल्टचा फ्रिज सुरू होऊन लगेच बंद पडायला लागला. बॅटरीवर 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठणठणीत. हिनं फ्रिज चालू केला, मी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी फ्रिजच्या निगेटिव्हवर धरली: 1.3 व्होल्ट, म्हणजे तेवढे व्होल्ट फ्रिजला न मिळता वाटेतच वाया. इथं 0.2 च्या वर आकडा गेला की अर्थिंग, म्हणजे निगेटिव्ह वायरचा गाडीच्या सांगाड्याशी असलेला जोड, बिघडलं समजा. फ्रिज बंद ठेवून हे कळत नाही, करंट वाहत असावा लागतो.

दोष चॅसिसच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) बोल्टखाली होता. खाऱ्या हवेनं थिंबलवर (वायरच्या टोकाला असलेल्या धातूच्या कडीवर) हिरवा थर, आणि वायरचं कव्हर सोललं तर आत बोटभर तांबं काळं. बॅटरीचा निगेटिव्ह काढून, चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापली. कलईचं नवं थिंबल क्रिम्पिंगच्या पक्कडीनं दाबलं, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). चॅसिसचा रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा उघडा केला. पेट्रोलियम जेली मात्र बोल्ट घट्ट आवळल्यावरच. आता फरक 0.1 व्होल्ट. नुसतं थिंबल घासून जोडू नका, काळी वायर तशीच राहते आणि तक्रार परत येते.