मॅनेजरला नावे ठेवण्यापूर्वी: बेसबॉलमधील डावपेच आणि खेळाडू कसे जोखावेत

बेसबॉलमध्ये मॅनेजरचा, म्हणजे डावपेच ठरवणाऱ्या मुख्य प्रशिक्षकाचा, निर्णय बरोबर होता की चूक, हे बहुतेक प्रेक्षक चेंडू कुठे पडला ते पाहून ठरवतात. ही सवय मोडायची असेल तर पहिला नियम असा, की मत निर्णयाच्या क्षणी बनवावे, निकालानंतर नव्हे. या खेळात त्यासाठी सवडही भरपूर मिळते. मॅनेजर डगआउटमधून (संघाच्या बसण्याच्या जागेतून) उठून माउंडकडे, म्हणजे पिचर (चेंडू टाकणारा) उभा असतो त्या उंचवट्याकडे, निघाला, की पुढचा चेंडू पडेपर्यंत दोनेक मिनिटे सहज जातात. तेवढ्या वेळात आपण त्याच्या जागी असतो तर काय केले असते, हे कारणासह कागदावर किंवा फोनवर लिहून ठेवावे. लिहिलेले मत नंतर सोयीस्करपणे बदलता येत नाही.

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्यासारख्यांनी इथे एक फरक पक्का लक्षात ठेवला पाहिजे. क्रिकेटमध्ये कर्णधार एखाद्या गोलंदाजाला दोन षटकांनंतर थांबवतो आणि गरज पडली तर पुन्हा आणतो. बेसबॉलमध्ये सामन्यातून बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्यामुळे पिचर बदलणे हा परत न घेता येणारा निर्णय असतो. शिवाय 2020 पासूनच्या नियमानुसार नव्या पिचरला किमान तीन बॅटरना तरी चेंडू टाकावे लागतात किंवा ती इनिंग संपवावी लागते, म्हणजे नवा माणूस पहिल्याच बॅटरपुढे गडबडला तरी त्याला लगेच हलवता येत नाही.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे 2020 च्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेचा, सहावा सामना. टॅम्पा बे रेज 1-0 ने पुढे होते आणि त्यांचा डावखुरा पिचर ब्लेक स्नेल याने 73 चेंडूंत 9 जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले होते. सहाव्या इनिंगमध्ये एक आउट झाल्यावर प्रतिस्पर्धी लॉस एंजेलिस डॉजर्सच्या ऑस्टिन बार्न्सने एक साधा हिट मारून पहिला बेस (धावण्याच्या मार्गावरचा पहिला टप्पा) गाठला, आणि मॅनेजर केविन कॅशने स्नेलला बाहेर बोलावले. पुढचे तीन बॅटर, म्हणजे मुकी बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर, त्या सामन्यात स्नेलपुढे दोन-दोनदा आले होते आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले होते. स्नेलच्या जागी आलेल्या निक अँडरसनला बेट्सने डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला, एका वाइल्ड पिचवर (कॅचरच्या हाती न लागलेल्या भरकटलेल्या चेंडूवर) बरोबरी झाली आणि सीगरच्या ग्राउंडरवर (जमिनीलगतच्या फटक्यावर) डॉजर्स पुढे गेले. ते 3-1 ने जिंकले आणि त्याच सामन्यात अजिंक्यपदही त्यांचे झाले.

हा निर्णय जोखताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. स्टार्टरला, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरला, बदलण्याचे सर्वसाधारण कारण खरे होते का? होते, कारण एकाच सामन्यात तोच पिचर तिसऱ्यांदा पाहणारे बॅटर त्याला अधिक चांगले खेळतात, हे वर्षानुवर्षांच्या आकड्यांत दिसते, आणि स्नेलने त्या हंगामात एकदाही सहा इनिंग पूर्ण केल्या नव्हत्या. मग त्या रात्री त्या सर्वसाधारण नियमाला छेद देणारी काही माहिती समोर होती का? तीही होती, पण सहा स्ट्राइकआउट हा पुरावा दिसतो तितका भक्कम नसतो. खरा निर्णायक प्रश्न तिसरा आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो: त्याच्या जागी कोण? तुलना ‘स्नेल ठेवावा की काढावा’ अशी नसून ‘थकू लागलेला स्नेल की आत्ता उपलब्ध असलेला अँडरसन’ अशी असते. अँडरसनने त्याआधीच्या सलग सहा सामन्यांत धावा दिल्या होत्या. माझ्या मते कॅशचे तत्त्व समर्थनीय होते, निवडलेला माणूस मात्र नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, की निम्मी भांडणे मिटतात.

याच्या उलट टोकाचे उदाहरण 2003 चे आहे. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात बॉस्टन रेड सॉक्स आठव्या इनिंगमध्ये 5-3 ने पुढे असताना मॅनेजर ग्रेडी लिटल माउंडवर गेला, पिचर पेड्रो मार्टिनेझशी बोलला आणि त्याला तिथेच ठेवून परत फिरला. तोपर्यंत पेड्रोने शंभराहून अधिक चेंडू टाकले होते. प्रतिस्पर्धी यँकीजने त्याच इनिंगमध्ये बरोबरी साधली आणि अकराव्या इनिंगमध्ये एरन बूनच्या होम रनवर (क्रिकेटमधल्या षटकारासारख्या फटक्यावर) सामना जिंकला. लिटलची नोकरी गेली. एकाने लवकर काढले म्हणून आणि दुसऱ्याने काढले नाही म्हणून शिव्या खाल्ल्या. ‘आपल्या सर्वोत्तम पिचरवर विश्वास ठेवावा’ असे म्हणणाऱ्याने या दोन्ही रात्रींसाठी तेच वाक्य वापरून पाहावे.

रिलीव्हरची (नंतर आणलेल्या पिचरची) निवड चुकली असे म्हणण्यापूर्वी आणखी एक साधे काम करावे. मागच्या दोन-तीन दिवसांचे बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचे तक्ते) उघडून बुलपेनमधल्या (राखीव पिचरच्या ताफ्यातल्या) कोणी किती चेंडू टाकले ते पाहावे. ज्या पिचरला का आणले नाही म्हणून आपण चिडलेले असतो, तो बऱ्याचदा सलग दोन दिवस राबलेला असतो. हंगाम 162 सामन्यांचा असतो, आणि मे महिन्यातला एक सामना वाचवण्यासाठी सप्टेंबरमधला खांदा गहाण टाकणारा मॅनेजर शूर नव्हे, उधळ्या म्हणावा लागतो.

बंट (चेंडू बॅटने हलकेच अडवून जवळच पाडणे) आणि बेस चोरणे (फटका नसताना धावून पुढचा बेस गाठणे) यांविषयी मत बनवताना आकड्यांचा आधार फार सोपा आहे. पहिल्या बेसवर धावपटू आणि एकही आउट नाही, अशा स्थितीतून त्या इनिंगमध्ये सरासरी सुमारे 0.85 ते 0.9 धावा होतात. बंट करून त्याला दुसऱ्या बेसवर नेले आणि त्यासाठी एक आउट मोजला, तर ही सरासरी सुमारे 0.65 ते 0.7 वर येते. म्हणजे यशस्वी बंटनेही संघाचे नुकसानच होते. मात्र ज्या वेळी एकच धाव पुरेशी असते तेव्हा सरासरी नव्हे, तर किमान एक धाव होण्याची शक्यता पाहायची असते. नियमित हंगामातल्या जादा इनिंगमध्ये आता धावपटू आधीच दुसऱ्या बेसवर उभा केला जातो, आणि बरोबरीत असलेल्या यजमान संघाने त्याला बंटने तिसऱ्या बेसवर नेले, तर ती शक्यता थोडी वाढते. अशा जागी बंटला ‘जुनाट’ म्हणणे चूक आहे. बेस चोरण्याचा हिशोबही असाच आहे: दहापैकी साधारण सात वेळा यश येत नसेल, तर तो वेग संघाच्या तोट्याचाच ठरतो.

खेळाडूंच्या मूल्यमापनात सर्वाधिक फसवणारा आकडा बॅटिंग ॲव्हरेज हा आहे. समजा, दोन बॅटरना प्रत्येकी 600 वेळा खेळायला मिळाले. पहिल्याने 30 वॉक (चार चुकीचे चेंडू पडल्यावर फुकट मिळणारा पहिला बेस) घेतले आणि उरलेल्या 570 संधींत 171 हिट मारले, त्याचे ॲव्हरेज .300, म्हणजे बोलीभाषेत ‘तीनशे’. दुसऱ्याने 90 वॉक घेतले आणि 510 संधींत 133 हिट मारले. त्याचे ॲव्हरेज जेमतेम .261. पण पहिला 201 वेळा बेसवर पोहोचला आणि दुसरा 223 वेळा. सामन्यात संघाजवळ 27 आउट एवढेच भांडवल असताना ते कमी खर्च करणारा माणूस अधिक मोलाचा असतो, म्हणून ऑन-बेस पर्सेंटेज (बेसवर पोहोचण्याचे प्रमाण) आधी पाहावे आणि त्यानंतर फटक्यांची ताकद सांगणारे स्लगिंग.

हंगामाच्या सुरुवातीला तर ॲव्हरेजकडे पाहूच नये. खरोखर .270 ची कुवत असलेल्या बॅटरला पहिल्या 50 संधींत निव्वळ योगायोगाने 10 हिटही मिळू शकतात आणि 17 ही. म्हणजे त्याचा आकडा .200 ही दिसेल आणि .340 ही. एप्रिलमध्ये ‘याला बसवा’ म्हणणारे लोक जूनमध्ये त्याच्या नावाची जर्सी घेतात, ते यामुळेच. एवढ्या थोड्या काळात पाहायचेच असेल तर चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटतो आणि बॅटर किती वेळा स्ट्राइकआउट होतो ते पाहावे, कारण हे आकडे लवकर स्थिरावतात.

पिचरच्या नावापुढील विजय-पराभवांची नोंद सरळ दुर्लक्षावी. सिॲटलच्या फेलिक्स हर्नांडेझला 2010 मध्ये 13 विजय आणि 12 पराभव अशा नोंदीवर सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, कारण त्याचा ईआरए (क्षेत्ररक्षणाच्या चुका वगळून दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) 2.27 होता आणि त्याचा संघच धावा करत नव्हता. मेट्सच्या जेकब डीग्रॉमने 2018 मध्ये 10-9 आणि 1.70 ईआरए यांवर तोच पुरस्कार मिळवला. ईआरएच्याही पुढे जायचे तर स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन या तिघांकडे पाहावे, कारण मैदानात पडलेला चेंडू हिट होणार की नाही यावर क्षेत्ररक्षकांचा आणि नशिबाचा वाटा मोठा असतो.

आता राहिला वॉर (WAR), म्हणजे बदली खेळाडूच्या तुलनेत एखाद्याने संघाला किती जास्त विजय मिळवून दिले, याचा अंदाज. 2012 मध्ये डेट्रॉइटच्या मिगेल कॅब्रेराने ट्रिपल क्राउन (ॲव्हरेज, होम रन आणि आपल्या फटक्यांवर झालेल्या धावा या तिन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक) मिळवला, जो 1967 नंतर कोणालाही जमला नव्हता, आणि एमव्हीपी (सर्वांत मोलाच्या खेळाडूचा) पुरस्कारही त्यालाच मिळाला; वॉरच्या हिशोबात मात्र नवखा माइक ट्राउट क्षेत्ररक्षण आणि धावण्याच्या जोरावर त्याच्या बराच पुढे होता. मी ट्राउटलाच मत दिले असते, कारण तिथले अंतर मोठे होते. अंतर अर्ध्या-एक विजयाचे असेल तर दोन खेळाडू सारखेच मानावेत, कारण एका हंगामातले क्षेत्ररक्षणाचे मोजमाप तितके नेमके नसते. आणि पिचरबद्दल वाद घालताना आपण कोणाचा वॉर वापरतो आहोत ते आधी सांगावे: बेसबॉल-रेफरन्स ही वेबसाइट प्रत्यक्ष दिलेल्या धावांपासून सुरुवात करते, तर फॅनग्राफ्स ही वेबसाइट स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन यांच्यापासून, त्यामुळे एकाच पिचरचे दोन्हीकडचे आकडे दोन-दोन विजयांनी वेगळे निघू शकतात.