क्रॉसकंट्री संघात पाचवं कसं यावं

पहिलं कसं यावं हे मला विचारू नका, मी कधी आलेले नाही. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, अकाउंटिंग शिकता शिकता मी तिथल्या मुलींच्या क्रॉसकंट्री (माती-टेकड्यांवरून लांब पळायच्या) संघात शिरले आणि दोन हंगाम पाचवी आले. आमच्या संघात पाचवी म्हणजे शेवटची. पाचच जणी होतो.

पण गुणांची पद्धत आधी समजून घ्या. एका संघातून जास्तीत जास्त सात जणी पळतात, त्यातल्या पहिल्या पाच जणींच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि ज्यांची बेरीज सगळ्यात कमी तो संघ जिंकतो. एक ते पाच सगळे क्रमांक तुमचेच आले तर १५, त्याच्या खाली जाताच येत नाही. सहावी-सातवीचे क्रमांक बेरजेत धरत नाहीत, पण त्या समोरच्या संघाच्या पाचवीपुढे निघाल्या तर तिचा आकडा वाढतो. आणि पाच जणी पोचल्याच नाहीत तर संघ म्हणून तुमची गणतीच नाही, मग तुमची सगळ्यात वेगवान मुलगी भले शर्यतीत तिसरी येवो. या कॉलेजांत मुली घरून येतात, नोकऱ्या करतात, मध्येच शिफ्ट बदलते. त्यामुळे पाच जणी जमवताना कोचची दमछाक होते. तिथेच तुमच्यासाठी दार उघडं असतं.

जूनमध्ये कोचला ईमेल करा. एक मैल पळायला किती वेळ लागतो ते खरं लिहा. मी 'साडेनऊ मिनिटं, उतारावर' असं लिहिलं होतं. उत्तर आलं, 'सोमवारी सकाळी साडेसहाला ये.' निवड चाचणी वगैरे काही झाली नाही. डॉक्टरांकडून खेळासाठीची तपासणी करून घ्यावी लागते आणि हंगाम चालू असताना किमान १२ युनिटचे विषय घ्यावे लागतात (युनिट म्हणजे विषय किती मोठा ते मोजायचं माप). दुसऱ्या हंगामाआधी २४ युनिट पूर्ण हवीत आणि गुणांची सरासरी ४ पैकी २.० च्या खाली चालत नाही. हे काउन्सेलरसमोर बसून कागदावर मांडून घ्या. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना एका युनिटला ४६ डॉलर पडतात. इथल्या कम्युनिटी कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, त्यामुळे पैशांसाठी कुणी पळत नाही.

उन्हाळाभर फक्त सावकाश पळा. शेजारच्या मुलीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे इतकं सावकाश. माझ्या शेजारच्या मुली एकोणीस वर्षांच्या, त्यामुळे बोलायच्या त्याच, मी हुंकार द्यायचे. दर आठवड्याला अंतर थोडं थोडं वाढवा, चौथ्या आठवड्याला कमी करा.

शाकाहारी बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. पहिल्या वर्षी सप्टेंबरमध्ये माझे पाय शिशासारखे जड झाले. मी वयाला दोष देत बसले. रक्त तपासलं तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला. जेवणाबरोबरचा चहा लोह नीट शोषू देत नाही, हे मला तेव्हा कळलं. चहा जेवणापासून तास-दोन तास लांब ढकला, उसळीवर लिंबू पिळा. गोळ्या मात्र रक्त तपासल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता टेकड्या. वॉलनट गावात माउंट सॅन अँटोनियो कॉलेज आहे, तेही कम्युनिटी कॉलेजच. सगळे 'माउंट सॅक' म्हणतात. तिथली क्रॉसकंट्री स्पर्धा १९४८ पासूनची आहे आणि शाळा-कॉलेजांची हजारो मुलं तिथे पळतात. आधी सपाटीवरचा फेरा, मग 'स्विचबॅक्स' म्हणजे नागमोडी चढ, मग 'पूप आउट हिल' आणि शेवटी 'रेझर्व्हॉयर हिल'. मधल्या टेकडीच्या नावाचा अर्थ 'दमून बसायची जागा'. 'पूप' म्हणजे शी, त्यामुळे आपल्या कानाला वेगळंच ऐकू येतं, आणि वर पोचल्यावर तेही खरं वाटतं.

मी वाईची. पसरणीचा घाट पाहत वाढले, म्हणून स्विचबॅक्स मला ओळखीचे वाटले आणि मी पहिल्याच वळणाला जोर केला. ती चूक करू नका. वळणांवर पावलं आखूड टाका, हात जास्त चालवा, नजर तीन-चार मीटर पुढच्या मातीवर ठेवा. माथा आला की बहुतेक जणी सुस्कारा टाकून ढिल्या पडतात. तुम्ही आणखी वीस पावलं तशीच टाका. मी जितक्या जणींना मागे टाकलं त्यातल्या निम्म्या तिथेच. उतारावर टाचा रोवून ब्रेक लावू नका, मांड्या तिथेच संपतात. अंग किंचित पुढे झुकवा आणि पावलं पटपट पडू द्या.

पाचवीचं खरं काम शेवटच्या पाचशे मीटरमध्ये असतं. पुढच्या मुलींचे टीशर्ट बघा आणि ज्या संघाशी तुमची चुरस आहे त्यांची पाचवी शोधा. एका छोट्या स्पर्धेत आमच्या पहिल्या चौघी ४, ११, १९ आणि २६ आल्या, बेरीज ६०. समोरच्या संघाच्या चौघींचीही बेरीज ६०च. मी ५८वी आले, त्यांची पाचवी ५९वी. आम्ही ११८, त्या ११९. तिने मला गाठलं असतं तर आकडे नेमके उलटे. पळताना यातलं मला काहीच माहीत नव्हतं, फक्त मागून तिचा श्वास ऐकू येत होता.

आदल्या रात्री संघ एकत्र पास्ता खातो. जरूर जा, पण पोटाला सवय नसेल तर घरून मऊ भात-तूप खाऊन जा आणि तिथे नुसत्या गप्पा मारा. शर्यतीनंतर वाटायला शेंगदाणा-गुळाचे लाडू न्या, पण त्याआधी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कुणाला आहे ते विचारा. आमच्यात एकीला होती, तिच्यासाठी तिळाचे केले.

आणि पिनांची डबी. दोन वर्षांच्या कॉलेजात एक मोठी अडचण असते: जुन्या मुली बघता बघता निघून जातात, रीतभात शिकवायला कुणी उरत नाही. आमच्याकडे ती एका पत्र्याच्या डबीतून चालत आली. छातीवर नंबर लावायच्या सेफ्टी पिना तीत असतात. दुसऱ्या वर्षाची मुलगी हंगामाच्या शेवटी ती पहिल्या वर्षाच्या मुलीच्या हातात देते. सगळ्यात वेगवान मुलीला नव्हे, सरावाला सगळ्यात नियमित येणारीला. झाकणाच्या आत आधीच्या मुलींची आद्याक्षरं खरवडलेली आहेत. मला ती मिळाली तेव्हा माझ्यासाठी 'म' कोरायला कोपरा उरला होता. देवनागरी तिथे पहिल्यांदाच आली.

डबी तुमच्याकडे आली तर शर्यतीच्या आदल्या रात्री पिना मोजून ठेवा. प्रत्येकीला चार लागतात, आणि एक तरी गवतात पडतेच.