गिळण्याच्या त्रासासाठी व्हिडिओफ्लुओरोस्कोपी की दुर्बिणीची तपासणी?

पक्षाघातानंतर, घशाच्या कर्करोगावरील उपचारांनंतर किंवा पार्किन्सनच्या आजारात रुग्णाला जेवताना ठसका लागू लागला, की घरच्यांचे सारे लक्ष त्या ठसक्याकडे लागते आणि तो थांबला की हायसे वाटते. हा दिलासा फसवा ठरू शकतो, कारण घशातील संवेदना मंदावली असेल तर पाणी श्वासनलिकेत उतरूनही खोकला येत नाही. अशी मूक गळती पलंगाशेजारी घोटभर पाणी पाजून ओळखता येईलच असे नाही. तिच्यासाठी गिळणे डोळ्यांनी पाहावे लागते. ते दाखवणाऱ्या प्रमुख तपासण्या दोन आहेत. त्यांतली सरस कोणती, हे ठरवण्याआधी आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, ते गिळण्याचे उपचार करणाऱ्या स्पीच थेरपिस्टशी बोलून स्पष्ट करावे.

व्हिडिओफ्लुओरोस्कोपीत रुग्णाला शक्यतो बसवून बेरियम (क्ष-किरणांत उठून दिसणारा पदार्थ) मिसळलेले पातळ पेय, घट्ट पदार्थ आणि बिस्किट थोड्या थोड्या प्रमाणात देतात व बाजूने क्ष-किरणांचे सलग चित्रण करतात. घास घशातून जायला सेकंदभरही लागत नाही, म्हणून चित्रण सेकंदाला 30 चौकटी (फ्रेम) या वेगाने व्हावे. कमी वेगात क्षणभराची गळती निसटू शकते. या तपासणीचे खरे बळ असे, की जीभ घास मागे कशी ढकलते, स्वरयंत्र किती वर उचलले जाते आणि अन्ननलिकेचे वरचे दार वेळेवर उघडते का, हे सारे एकाच चित्रणात दिसते. घास श्वासमार्गात गेलाच, तर तो गिळण्याआधी गेला, गिळताना गेला की गिळून झाल्यावर, हेही कळते. आधी गेला असेल तर गिळण्याची क्रिया उशिरा सुरू होते किंवा तोंडातला घास जिभेला आवरत नाही. गिळताना गेला तर श्वासमार्ग नीट मिटत नाही. नंतर गेला तर घशात साचलेला उरलासुरला भाग ओघळतो. या तिन्हींचे उपाय निराळे आहेत, त्यामुळे नुसते ‘अ‍ॅस्पिरेशन आहे’, म्हणजे घास श्वासनलिकेत उतरतो, एवढ्यावर थांबणारा अहवाल मला अपुरा वाटतो. हनुवटी छातीकडे झुकवून गिळल्याने फरक पडतो का, हेही तिथल्या तिथे तपासता येते.

तथापि, रुग्णाला क्ष-किरण विभागात न्यावे लागते, किरणोत्सर्गामुळे चित्रण आटोपते घ्यावे लागते आणि गरोदर स्त्रियांमध्ये ते टाळतात. शिवाय बेरियम म्हणजे रोजचे जेवण नव्हे.

दुर्बिणीच्या तपासणीत नाकातून बारीक, लवचिक दुर्बीण घशाच्या वरच्या भागापर्यंत नेतात. सुझन लँगमोर आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये ही पद्धत मांडली. अतिदक्षता विभागातील हलवता न येणाऱ्या रुग्णासाठी मी हिलाच प्राधान्य देईन. यात किरणोत्सर्ग नाही. मऊ वरणभात, पेज, चहा असे घरचेच पदार्थ देऊन पाहता येतात आणि दूध वा पाण्यात खाण्याचा रंग घातला की ते लाळेतून वेगळे ओळखू येतात. जेवणाच्या शेवटी दमल्यावर गिळणे बिघडते का, स्वररज्जू हलतात का, घशात लाळ साचते का, हे इथे स्पष्ट दिसते. मात्र प्रत्यक्ष गिळण्याच्या क्षणी घशाच्या भिंती दुर्बिणीभोवती मिटतात आणि पडद्यावरचे चित्र पांढरे होते, त्यामुळे त्या क्षणाचा अंदाज आधीच्या व नंतरच्या खुणांवरून बांधावा लागतो. तोंडातली व अन्ननलिकेतली हालचालही दिसत नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ते आधी अवश्य सांगावे, कारण नाकातून रक्त येऊ शकते.

अल्ट्रासाउंडने जिभेची व तिच्या मुळाशी असलेल्या हायॉइड हाडाची हालचाल पाहता येते, पण वर सांगितलेल्या दोन तपासण्यांची जागा ते घेत नाही.

डॉक्टरांनी तपासणीसाठी दिलेल्या चिठ्ठीवरचा शब्द नीट वाचावा. नुसते ‘बेरियम स्वॅलो’ लिहिले असेल, तर केंद्रावर प्रामुख्याने अन्ननलिका पाहणारी, मोठे घोट देऊन आणि काही वेळा आडवे झोपवून केली जाणारी तपासणी होऊ शकते, आणि ज्याच्या श्वासनलिकेत अन्न उतरते त्याला ती धोक्याची ठरू शकते. चिठ्ठीवर ‘मॉडिफाइड बेरियम स्वॅलो’ (हे व्हिडिओफ्लुओरोस्कोपीचेच दुसरे नाव) असे स्पष्ट असावे आणि तपासणीच्या वेळी गिळण्याचे उपचार करणारा स्पीच थेरपिस्ट हजर असावा, असा आग्रह धरावा.

अहवालात रोझेनबेक श्रेणी, म्हणजे पदार्थ श्वासमार्गात किती खोल शिरला व रुग्णाने तो बाहेर टाकला का हे 1 ते 8 अंकांत सांगणारी श्रेणी, असेल, तर 1 म्हणजे श्वासमार्गात काहीच शिरले नाही आणि 8 म्हणजे पदार्थ स्वररज्जूंच्या खाली उतरूनही रुग्णाने तो बाहेर टाकण्याचा प्रयत्न केला नाही. हा अंक कोणत्या घट्टपणाच्या पदार्थाला, किती मोठ्या घोटाला आणि कोणत्या स्थितीत मिळाला, हे विचारून लिहून घ्यावे, कारण उद्याच्या जेवणाचे ताट त्यावरच ठरते. अन्न देण्यासाठी नाकातून घातलेली नळी असताना या तपासण्या होत नाहीत, हा समज चुकीचा आहे. पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत गिळणे पुष्कळ सुधारू शकते. तेव्हा जुन्या अहवालाच्या भरवशावर नळी तशीच चालू ठेवू नये, फेरतपासणी मागावी आणि शक्यतो पूर्वीच्याच पद्धतीने, त्याच पदार्थांवर करून घ्यावी.