फियॉर्डची क्रूझ ठरवताना: नॉर्वेला जाण्याआधीची तयारी

गेल्या काही महिन्यांत तीन-चार ओळखीच्यांनी विचारलं की नॉर्वेची क्रूझ करायचीय, कुठली घेऊ, तर प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी दोनदा जाऊन आलेय. पहिल्यांदा सप्टेंबरच्या शेवटी मी आणि नवरा, दुसऱ्यांदा जूनमध्ये आईला घेऊन. पहिल्या वेळी जे चुकलं ते दुसऱ्या वेळी सुधारता आलं, आणि त्यातून एकच गोष्ट डोक्यात पक्की बसलीय की जहाज किती मोठं, त्यात किती रेस्टॉरंटं, किती स्विमिंग पूल हे सगळं नंतर बघा, आधी हे बघा की जहाज फियॉर्डच्या आत असताना बाहेर उजेड असणारे का.

हे का म्हणतेय ते सांगते. फियॉर्ड म्हणजे आपल्या कोकणातल्या खाडीसारखं काहीतरी असं मला आधी वाटायचं, पण तसं नाहीये. आपली खाडी नदीच्या मुखाशी समुद्र आत शिरून झालेली, रुंद, उथळ, कडेला खारफुटी. फियॉर्ड हिमनदीने डोंगर कोरून काढलेला असतो, दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे आणि मधे अथांग खोल पाणी. सोग्नफियॉर्ड 205 किलोमीटर आत जातो आणि सगळ्यात खोल जागी तळ 1300 मीटरच्या खाली, म्हणजे कळसूबाई त्यात उभी केली तर पाण्यावर फक्त वरचे साडेतीनशे मीटर दिसतील. आता जहाज अशा फियॉर्डच्या टोकाशी असलेल्या गावात सकाळी 8 ला पोचणार असेल, तर ते समुद्राकडून आत पहाटे 3-4 लाच वळलेलं असतं. म्हणजे जो नजारा बघायला आपण एवढे पैसे मोजतो तो बंदरात पोचायच्या आधीच होऊन जातो! पहिल्या वेळी आमचं हेच झालं. सप्टेंबरअखेर, गायरांगर नावाच्या फियॉर्डच्या टोकाच्या गावाला आठची वेळ, आम्ही सहाला उठून डेकवर गेलो तर मिट्ट काळोख, आणि नीट उजाडलं तेव्हा जहाज गावासमोर थांबायच्या बेतात होतं. संध्याकाळी निघताना जे काय दिसलं तेवढंच.

म्हणून यादीतलं पहिलं काम. ज्या ज्या आयटिनररी (जहाज कुठल्या दिवशी कुठे थांबणार तो कार्यक्रम) आवडल्यात त्यांचं बंदरात पोचण्याचं आणि निघण्याचं टाइमटेबल कागदावर उतरवून घ्या, त्या तारखेला तिथे सूर्योदय-सूर्यास्त कधी ते शेजारी लिहा, मग पोचायच्या वेळेतून चार तास मागे जा आणि निघायच्या वेळेत चार तास पुढे जा. हे आठ तास उजेडात येत असतील तर ती आयटिनररी चांगली. जूनमध्ये पश्चिम नॉर्वेत पहाटे चारच्या सुमारास सूर्य वर येतो आणि रात्री अकरापर्यंत उजेड असतो, त्यामुळे जवळजवळ कुठलीही वेळ चालते. सप्टेंबरच्या शेवटी सव्वासात-साडेसातला उजाडतं, तेव्हा हे गणित करावंच लागतं.

मग महिना ठरवा, कारण सगळं एकाच ट्रिपमध्ये मिळत नाही आणि इथेच लोकांची गडबड होते. मध्यरात्रीचा सूर्य बघायचाय की नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्रीच्या आकाशातले रंगीत प्रकाशपट्टे, हे घरात आधी बसून ठरवून टाका. नॉर्वेच्या पार उत्तरेकडच्या नॉर्थ केपला साधारण 14 मे ते जुलैअखेर सूर्य मावळतच नाही, त्याच्या खालच्या ट्रॉम्सो शहरात 20 मेच्या आसपास ते 22 जुलैच्या आसपास, आणि आकाशात उजेड असला की लाइट्स दिसणार कुठून. लाइट्ससाठी सप्टेंबरअखेर ते मार्च. तेव्हा मात्र दिवस लहान, वरचे डोंगरी रस्ते बर्फाने बंद, धबधबे गोठलेले किंवा बारीक. धबधब्यांसाठी मेचा शेवट आणि जून सगळ्यात भारी, कारण वरचा बर्फ वितळत असतो. गायरांगरचा सेव्हन सिस्टर्स धबधबा तेव्हा खरोखर सात धारांनी कोसळतो, ऑगस्ट उजाडेपर्यंत त्यातल्या काही धारा अगदी बारीक होतात. शाळेच्या सुट्टीमुळे मेमध्येच जायचं असेल तर मेचा शेवटचा आठवडा धरा, त्याआधी गायरांगरच्या वरचे रस्ते उघडलेले असतीलच असं नाही.

आता रूट. सात रात्रीच्या क्रूझ साधारण जर्मनीतल्या कील किंवा हॅम्बुर्गहून, डेन्मार्कच्या कोपनहेगनहून नाहीतर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनहून निघतात आणि त्यातले जाण्यायेण्याचे दोन दिवस नुसत्या समुद्रात जातात, हाती चार-पाच बंदरं लागतात. त्यात गायरांगर किंवा फ्लॉम (हेही फियॉर्डच्या टोकाचं गाव) यातलं किमान एक तरी हवंच, दोन्ही असतील तर फारच छान. बाकी बर्गन, स्टावांगर, ओलेसुंड ही शहरं सुंदर आहेत, बर्गनच्या ब्रिगन या जुन्या धक्क्यावरची लाकडी घरं 1979 पासून जागतिक वारशात आहेत, ओलेसुंड 1904 च्या आगीत जळून गेल्यावर नव्याने बांधलेलं टुमदार गाव आहे, पण नुसती शहरंच असतील तर तुम्ही फियॉर्ड बघितला असं होत नाही. नॉर्थ केपपर्यंत जायचं तर दहा ते चौदा रात्री धरून चला, सात रात्रीत ते बसत नाही.

यादीतली एक जागा नकाशावर आवर्जून बघा, नॅरॉयफियॉर्ड. गायरांगर आणि हा, दोघं 2005 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. नॅरॉय सगळ्यात अरुंद जागी फक्त 250 मीटर आहे, मोठी क्रूझ तिथे शिरत नाही, ती शेजारच्या ऑरलांडफियॉर्डमधून फ्लॉमला येऊन थांबते. तिथून नॅरॉयमधून त्याच्या टोकाच्या गुडवांगन गावापर्यंत इलेक्ट्रिक बोट जाते, सुमारे दोन तासांची फेरी, अजिबात आवाज नाही, आणि माझ्या मते अख्ख्या ट्रिपमधले सगळ्यात सार्थकी लागलेले दोन तास ते होते. फ्लॉमची रेल्वे सगळ्यांना माहीत असते, वीस किलोमीटरमध्ये 866 मीटर चढते, तीही करा, पण दोन्हीची तिकिटं उन्हाळ्यात संपतात म्हणून क्रूझ बुक झाली की त्याच आठवड्यात ही घेऊन टाका. स्वतः बुक करताना एवढं बघा की परतायची वेळ आणि जहाज सुटायची वेळ यात दोन तास तरी हातात राहतील, कारण जहाज कोणासाठी थांबत नाही.

जहाजाचा प्रकारही इथेच ठरवायचा. मोठ्या क्रूझला एक पर्याय आहे, हुर्टिगरुटन, म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी टपाल आणि मालाची जुनी बोटसेवा, 1893 मध्ये सुरू झालेली. आता त्याच रूटवर हाविला कंपनीच्याही बोटी आहेत. बर्गन ते रशियाच्या सीमेजवळचं किर्कनेस आणि परत, 34 बंदरं, बारा दिवस. आपल्याकडे पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोट निघायची आणि बंदराबंदराला माणसं-सामान चढवत उतरवत जायची, तसंच काहीसं. गावातली माणसं दोन बंदरांपुरती चढतात, फोर्कलिफ्टने माल उतरतो, रात्री दोन वाजता पंधरा मिनिटांसाठी बोट थांबते. कॅसिनो नाही, शो नाहीत. ज्यांना किनारा बघायचाय त्यांनी हीच घ्यावी असं मला मनापासून वाटतं. लहान मुलं आहेत, घरातले आठ-दहा जण आहेत, तर मोठं जहाज बरं. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. ही बोट गायरांगरमध्ये उन्हाळ्यातच आणि उत्तरेकडे जातानाच शिरते. आणि नॉर्थ केपला ती दुपारी थांबते, मध्यरात्री नाही, तेव्हा त्या 307 मीटर उंच कड्यावर उभं राहून बारा वाजताचा सूर्य बघायचं स्वप्न असेल तर जहाज तिथल्या होनिंग्सवोग बंदरात रात्री उशिरापर्यंत थांबणारं शोधा.

नियम बदलतायत तेही तपासा. जागतिक वारशातल्या फियॉर्डमध्ये धूर न सोडणारीच जहाजं चालवायची असं नॉर्वेने ठरवलंय, 10,000 टनेजखालच्या (टनेज म्हणजे जहाजाच्या आकारमानाचं माप) जहाजांना 2026 पासून आणि मोठ्यांना 2032 पासून. म्हणून जाहिरातीत गायरांगरचा फोटो आहे यावर जाऊ नका, तुमच्या तारखेच्या आयटिनररीत ते नाव छापलंय का ते बघा, आणि नावापुढे नुसतं सीनिक क्रूझिंग लिहिलंय का याकडेही लक्ष द्या, तसं असेल तर जहाज आत जाऊन वळून येतं, उतरायला मिळत नाही.

अजून वर, स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या बेटांवर जायचं असेल तर तो वेगळाच मामला, 78 अंश उत्तर. तिथे 2025 पासून संरक्षित भागात 200 पेक्षा जास्त प्रवासी असलेलं जहाज येऊ देत नाहीत आणि उतरायलाही 43 ठरलेल्या जागाच आहेत, म्हणजे छोटं जहाज, म्हणजे खर्च बराच वाढतो. पण काही छोटी जहाजं तिथल्या नी-ऑलेसुंड या वस्तीला थांबतात आणि तिथे आपलं हिमाद्री आहे, 2008 मध्ये सुरू झालेलं भारताचं आर्क्टिक संशोधन केंद्र, जे गोव्यातल्या वास्कोची ध्रुवीय संशोधन संस्था चालवते. मला अजून जमलेलं नाही, पण कधीतरी ते बघायचंच आहे.

व्हिसाचं काम तारखा ठरल्या की लगेच. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, अपॉइंटमेंट उन्हाळ्याच्या तोंडावर मिळता मिळत नाहीत म्हणून उशीर नको. ज्या देशात जास्त दिवस त्या देशाकडे अर्ज, हे क्रूझमध्ये मोजावं लागतं, म्हणून दिवसवार कागद करून ठेवा. विमा किमान 30,000 युरोचा लागतो, आणि त्यात समुद्रप्रवास आणि जहाजावरून हॉस्पिटलला हलवण्याचा खर्च धरलाय का ते एजंटच्या तोंडी शब्दावर न सोडता पॉलिसीत स्वतः वाचा. साउथॅम्प्टनहून जाणार असाल तर यूकेचा व्हिसा वेगळा. आणि स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे, तिथून परत नॉर्वेत यायला दुसरी एंट्री लागते, म्हणून मल्टिपल एंट्रीच मागा.

केबिनबद्दल फार डोकेफोड नको. गायरांगरमध्ये जहाज आत जाऊन त्याच वाटेने परत येतं, दोन्ही बाजू दिसतात. किनाऱ्याने उत्तरेला जाताना उजवीकडे मुख्य जमीन असते, तरी डावीकडेही बेटंच बेटं असतात. बाल्कनी परवडत असेल तर घ्या, नसेल तर त्या पैशात नॅरॉयची बोट आणि फ्लॉमची रेल्वे होते, डेक सगळ्यांनाच फुकट आहे. आईसारखं कोणी बरोबर असेल तर लिफ्टच्या जवळची, खालच्या मजल्यावरची, मधली केबिन मागा, तिथे हलणं कमी जाणवतं. फियॉर्डच्या आत पाणी तळ्यासारखं शांत असतं पण स्टाडच्या भूशिराजवळ आणि लोफोटेन बेटांकडे जाताना वेस्टफियॉर्डमध्ये उघडा समुद्र लागतो. आव्होमिन वगैरे डॉक्टरांना विचारून बरोबर ठेवा, बीपीची गोळी चालू असेल तर विचारणं आणखीच गरजेचं.

बॅगेत जाड स्वेटर एक नको, पातळ थर तीन-चार हवेत. आत थर्मल, मधे फ्लीस, वर वारा आणि पाऊस दोन्ही अडवेल असं जॅकेट. जुलैतही नॉर्थ केपला दहा अंशांच्या आसपास असतं आणि वारा झोंबतो. बर्गनमध्ये वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस, तिथे छत्री वाऱ्याने उलटी होते, टोपीचं जॅकेटच उपयोगी. हातमोजे विसरू नका, डेकचा कठडा पहाटे बर्फासारखा गार असतो. डोळ्यांवर बांधायची पट्टी घ्या, पडद्याच्या फटीतून रात्रभर उजेड येतो, आईने पडदे सेफ्टी पिनांनी जोडले तेव्हा कुठे झोप लागली. युरोपियन दोन गोल पिनांचा प्लग, आणि दुर्बीण.

खाण्याचं म्हणजे शाकाहारी किंवा जैन असाल तर बुकिंग करतानाच लिहून कळवा आणि बोटीवर चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी पुन्हा सांगा. बरोबर नेताना दूध-तुपाचे पदार्थ आणि मांस नॉर्वेत नेता येत नाही, म्हणजे पेढे, तूप, चिकनचं लोणचं घरीच. पॅकबंद भडंग, चिक्की, तेलातलं लोणचं आम्ही नेलं होतं, जहाजावर घरचं खाणं चढवू देतात की नाही हा ज्या-त्या कंपनीचा नियम, तो आधी विचारा. रोख पैसे जवळजवळ लागतच नाहीत, सगळीकडे कार्ड चालतं.

आणि शेवटचं, मोबाइलमध्ये पहाटे चारचा अलार्म आजच लावून ठेवा. जूनमध्ये गायरांगरमध्ये शिरताना मी आईला चारला उठवलं, ती शाल आणि वर माझं जॅकेट घालून कठड्याशी उभी राहिली. आधी नुसतं धुकं. मग उजवीकडचा कडा दिसायला लागला, वर वर वर, मान मागे टाकली तरी संपेना, आणि त्या कड्यावर एवढ्याशा हिरव्या तुकड्यावर दोन-तीन जुनी घरं, स्कागेफ्लो म्हणतात त्या शेताला. तिथे जायला शिडी होती आणि करवसुलीवाला आला की ती वर ओढून घ्यायचे असं सांगतात. कोपऱ्यावरून वळल्यावर धबधबा दिसायच्या आधी ऐकू आला. आई बराच वेळ काही बोललीच नाही, मग एवढंच म्हणाली, अगं, तिथे वर बाळंतपणं कशी केली असतील गं बायकांनी.