माचा की नुसती ग्रीन टी पावडर? कसं ओळखायचं आणि कसं करायचं

वहिनीने परवा ऑनलाइन मागवलेलं माचाचं (जपानी हिरव्या चहाची वस्त्रगाळ पूड) पाकीट आणलं, उघडलं तर रंग वाळलेल्या कढीपत्त्यासारखा आणि बोटांत चोळली तर बारीक रव्यासारखी खरखर. साधी ग्रीन टी दळून भरलेली होती, पैसे मात्र माचाचे घेतलेले, फार वाईट वाटलं. म्हणून सविस्तर लिहितेय.

झाड दोन्हीचं एकच, चहाचंच (गवती चहा वेगळा, ते गवत). फरक मळ्यातच सुरू होतो. माचासाठी तोडणीआधी साधारण 3 आठवडे झाडांवर आच्छादन टाकून ऊन अडवतात, त्यामुळे पानात हरितद्रव्य वाढतं, थिअनिन (चहाला गोडसर चव देणारं अमिनो आम्ल) टिकून राहतं आणि चव तुरट न होता गोडसर येते. मग पानं वाफवून, न गुंडाळता सपाटच सुकवतात, देठ आणि शिरा काढतात, याला तेंचा म्हणतात, आणि हा तेंचा दगडी जात्यावर दळला की माचा. एका जात्यातून तासाला जेमतेम 30-40 ग्रॅम पडतो, मग महाग असणारच ना! जपानमधल्या क्योतोजवळचं उजी हे ठिकाण यासाठी पूर्वीपासून नावाजलेलं. जपानची रोजची ग्रीन टी म्हणजे सेंचा, तिची पानं सहसा उन्हातली, वाफवून गुंडाळलेली, ती पाण्यात ठेवून आपण चोथा टाकतो. माचात अख्खं पान पोटात जातं, म्हणून कॅफिनही जास्त, रात्री नको.

सेंचाची पावडरही मिळते, ती वाईट नाही, पण तिला माचा म्हणून विकू नये एवढंच.

पाकीट उघडलं की आधी रंग बघा, ताजा पोपटी-हिरवा हवा, पिवळट किंवा खाकी असेल तर पान उन्हातलं तरी आहे नाहीतर माल जुना. चिमूटभर बोटांत चोळा, अगदी वस्त्रगाळ, टाल्कम पावडरसारखं लागलं पाहिजे. मागे घटक वाचा, साखर किंवा दूध पावडर दिसली तर परत ठेवा.

करायला सोपं आहे. 2 ग्रॅम म्हणजे सपाट चमचाभर माचा चहाच्या गाळणीतून वाडग्यात चाळून घ्या, हे टाळू नका, नाहीतर गुठळ्या राहतात. उकळतं पाणी कधीच नको, कडू होतं, उकळून 5 मिनिटं थांबा, 75-80 अंशांचं 70 मिली पुरे. मग चासेनने (बांबूच्या बारीक काड्यांची जपानी घुसळणी) घुसळा, रवीसारखं गोल नाही, मनगटातून भराभर पुढे-मागे, वर बारीक फेस आला की लगेच प्या कारण ठेवलं की पावडर तळाशी बसते. चासेन नसेल तर कॉफी फेटायचं छोटं बॅटरीवालं यंत्र चालतं.

सेंचा मात्र घुसळायची नाही, तेवढ्याच गरम पाण्यात मिनिटभर ठेवा आणि गाळा.

उघडलेला माचा घट्ट डब्यात, फ्रीजमध्ये, महिन्या-दीड महिन्यात संपवा. डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं.